पोटॅशियम कमी पडतंय

३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. वाचणारं कोणी नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

विषय टाकी. तीन फुटी, हॉलमध्ये, आत मासे आणि खरीखुरी झाडं. गेले काही दिवस काचेवर हिरवट शेवाळ धरतंय. म्हणून आज, ज्याच्याकडून टाकी घेतली त्या मासेवाल्याकडून टेस्ट किट आणलं. ट्यूबमध्ये टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि जो रंग येईल तो कार्डावरच्या रंगांशी जुळवायचा. पिवळा आला तर नायट्रेट नाही. नारिंगी आला तर आहे. लाल आला तर भरपूर, आणि शेवाळाची चंगळ. मासेवाला हे मला समजावून सांगत होता तेव्हा मी त्याला मध्येच थांबवलं. मी उभा जन्म रंगाच्या दुकानात शेड मिक्स करण्यात घालवलाय. रंग ओळखण्यात माझा हात धरणारा या भागात कोणी नाही.

रीडिंग: नारिंगी. जरा लालकडे झुकलेला वाटला, पण ते ट्यूबलाइटमुळे.

दुसरं रीडिंग बाबांचं. त्यांची किडनी अर्धीच चालते हे माहीत होतं. आजच्या रिपोर्टात रक्तातलं पोटॅशियमही वाढलंय. पाच पॉइंट सहा. डॉक्टरबाईंनी एक कागद दिला. केळी, संत्री, टोमॅटो, बटाटा, सुकामेवा बंद. मीठ कमी. पोटॅशियम आणखी चढलं तर हृदय एकाएकी बंद पडू शकतं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. डॉक्टर लोकांना घाबरवायची सवयच असते.

धाकटी बहीण बरोबर होती. तिने तिथेच जाहीर करून टाकलं की पुढच्या महिन्याचा रिपोर्ट खाली आला नाही तर बाबांना ती तिच्या घरी नेणार. मी म्हटलं, आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे आहेत, सगळं माझ्या हातानं होतं. ती म्हणाली, "म्हणूनच." याचा अर्थ लावत बसलो नाही.

संकल्प: टाकीचं नायट्रेट आणि बाबांचं पोटॅशियम, दोन्ही महिन्याभरात खाली. बाबा कुठेही जाणार नाहीत.

४ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंचा कागद फ्रिजवर चिकटवला. टाकीचं अर्धं पाणी काढून नळाचं भरलं. यामागचं गणित साधं आहे. आतल्या पाण्यात नायट्रेट आहे, नळाच्या पाण्यात नाही. म्हणजे अर्धं बदललं की नायट्रेट निम्मं. मासेवाल्याने विचारलं होतं की नळाचं पाणी तपासलंय का. मी हसलो. आपण पितो ते पाणी. त्यात काय असणार?

बाबा खुश. त्यांनी आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरकी केली. रिटायर झाल्यावर समोर माणसं नाहीत म्हणून झुरत होते, टाकी आणल्यापासून मासे आहेत. टाकीपुढे बसून त्यांना सांगत असतात, पुढे सरका, दारात गर्दी करू नका, आत भरपूर जागा आहे. कोपऱ्यात एक जाडा मासा नुसता उभा राहून तोंड हलवतो, त्याचं नाव त्यांनी साहेब ठेवलंय. डेपोत असाच एक होता म्हणतात.

७ फेब्रुवारी

नायट्रेट: नारिंगी. पाणी बदललं.

९ फेब्रुवारी

नायट्रेट: नारिंगी. पुन्हा बदललं. बादल्या उचलून कंबर धरली. बाबा म्हणाले, अरे, त्या माशांना जरा एका जागी बसू दे. मी त्यांना नायट्रेट समजावून सांगितलं. ते ऐकता ऐकता झोपले.

धाकटीचा रोज संध्याकाळी फोन. काय खाल्लं, किती खाल्लं, बटाटा नव्हता ना. मी काय शाळेतलं पोर आहे? तरी शांतपणे सांगितलं की सगळं कागदाप्रमाणे चालू आहे. आणि या आठवड्यात तसं ते चालूही होतं.

१३ फेब्रुवारी

दुकानात एक बाई तणतणत आल्या. त्यांच्या हॉलच्या तीन भिंती एका शेडच्या, आणि चौथीसाठी मी नंतर बनवून दिलेला डबा निराळाच. फोटो दाखवला. मी म्हटलं, भिंतीवर ऊन कुठून पडतं त्यावर असतं. त्या म्हणाल्या, भिंतीला खिडकीच नाही. मालकांनी त्यांना नवा डबा देऊन वाटेला लावलं आणि मला विचारलं की डोळे तपासलेस का. माझे डोळे ठीक आहेत. लोकांना रंगातलं कळत नाही.

घरी येऊन रीडिंग घेतलं. नारिंगी.

१५ फेब्रुवारी

झाडांना कोणतं खत किती लागतं याचा एक सुंदर तक्ता इंटरनेटवर मिळाला. नायट्रेट, फॉस्फेट, लोह, पोटॅशियम. कशाची उणीव झाली की पान कसं दिसतं, त्याची चित्रं. प्रिंट काढली. लावायला जागा फ्रिजचीच सोयीची. डॉक्टरबाईंच्या कागदावरच लावली. तो कागद तसा पाठ झालाय.

शेवाळ आता झाडांवर. वाढीचा वेग चकित करणारा.

१८ फेब्रुवारी

आज मासेवाल्याचं तोंड बंद करायचं म्हणून नळाचं पाणी तपासलं.

लाल.

पुन्हा तपासलं. लाल. खिडकीत नेऊन बघितलं. तिथेही लाल, फक्त जरा स्पष्ट.

म्हणजे नायट्रेट नळातूनच येतंय. जितकं पाणी बदललं तितकं मी आत ओतलं. एखादा म्हणेल, शेवाळाला तूच पोसलंस. मला तसं वाटत नाही. बादली माझी होती, पाणी पाणीखात्याचं होतं. यात माझी चूक शोधणाऱ्याने आधी नळ सोडून बघावा.

मासेवाल्याला फोन करून कळवलं. तो म्हणाला, "मग आता उगाच खत घालू नका, पाणीही बदलत बसू नका, हात मागे घ्या. झाडं आपोआप ते खातील." हा सल्ला आळशी माणसाचा आहे.

१९ फेब्रुवारी

निर्णय घेतला. नळाचं पाणी बंद. शुद्ध पाण्याचे कॅन लावले. त्यात काहीच नसतं, क्षार नाहीत, नायट्रेट नाही. मग जे हवं ते मी मोजून घालणार. आतापर्यंत टाकी पाणीखातं चालवत होतं, इथून पुढे मी चालवणार.

२३ फेब्रुवारी

झाडांच्या जुन्या पानांना बारीक भोकं पडली आहेत. टाचणीने टोचल्यासारखी. घाबरलो नाही. तक्ता काढला. भोकं म्हणजे पोटॅशियमची कमतरता, असं चित्रासकट दिलंय. बाटली आणली, झाकणानं मोजून घातली. उपाय माहीत असला की माणूस शांत असतो.

२६ फेब्रुवारी

जाड पानांच्या झाडाला नवं पान! भोक नाही, चकचकीत. पोटॅशियम घातल्यानंतर अवघ्या काही दिवसांत. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, छान आहे, पण मला जरा उठव. खुर्चीतून उठताना पाय साथ देत नव्हते. पोटऱ्यांत जीव नाही म्हणाले. जिन्यावर दोन ठिकाणी टेकले.

वयाप्रमाणे होतं. पण विचार करतोय.

२७ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला आणि आता सगळा उलगडा झालाय. लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

एका माहितगार गृहस्थांनी इंटरनेटवर लिहिलंय की पुष्कळदा पाण्यात पोटॅशियम भरपूर दिसतं आणि तरी झाडाला उणीव होते, कारण दुसरे क्षार वाट अडवून बसतात आणि ते पानापर्यंत पोचतच नाही. तपासणी म्हणते जास्त, पान म्हणतं कमी. अशा वेळी तपासणीवर विश्वास ठेवायचा नसतो, पानावर ठेवायचा असतो. उपाय आणखी घालणे.

आता बाबा. रक्तात जास्त, पण पायात? पायात ताकद नाही, पेटके येतात, उठवत नाही. पोटॅशियम कमी पडलं की पाय दुखतात हे सगळ्या जगाला माहीत आहे. खेळाडू केळं खातात ते काय उगाच? म्हणजे रक्तात आहे, पायांपर्यंत पोचत नाही. डॉक्टरबाई पाणी तपासत बसल्यात, पान कोणी बघतच नाही.

सकाळी एक केळं दिलं. लहान होतं. बाबांनी हातात घेऊन विचारलं, "डॉक्टरबाईंनी नको म्हटलं होतं ना रे?" मी त्यांना टाकीपाशी नेलं, भोकाचं पान दाखवलं, नवं पान दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "तुला कळतंय ना, मग झालं," आणि केळं सोललं.

मला भरून आलं. इतका विश्वास धाकटीने माझ्यावर कधी टाकला नाही.

१ मार्च

बाबांना मिठाशिवाय जेवण जात नाही. ताटाकडे बघत बसतात. किराणावाल्याकडे कमी सोडियमचं मीठ मिळालं, पाकिटावर हृदयाचं चित्र. बारीक अक्षरं चष्मा कपाळावर चढवून वाचली. सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड. म्हणजे मीठही कमी आणि पोटॅशियमही मिळणार. अशी वस्तू बाजारात असते आणि डॉक्टर सांगत नाहीत, याचं नवल वाटतं.

बाबा चवीने जेवले. म्हणाले, आज कुठे जेवल्यासारखं वाटलं. भाजीवर वरून पुन्हा घेतलं.

५ मार्च

रिपोर्ट. सहा पूर्णांक काहीतरी.

डॉक्टरबाई चिडल्या. खाण्यात काय देता, एकेक पदार्थ सांगा म्हणाल्या. मी सांगितलं, कागदाप्रमाणे. कोणता कागद ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी एक पावडर लिहून दिली, दिवसातून तीनदा पाण्यातून, ती म्हणे पोटातच पोटॅशियम धरून बाहेर काढते. पुढच्या आठवड्यात परत तपासा, छातीत धडधडलं किंवा अंग गळालं तर तसेच घेऊन या. बाबा तोपर्यंत बाहेर बाकावर बसून नर्सला सांगत होते की रांग एकेरी ठेवा.

धाकटीचा फोन आला. आकडा विचारला. मी म्हटलं, पाचाच्या आसपास. शेड कार्डवर दोन रंगांच्या मधलं आलं की जवळचा धरायचा असतो. दुकानात आम्ही हेच करतो. सहाच्या जवळचा पाच.

तिने विचारलं, "दादा, नक्की?" मी म्हटलं, विश्वास नसेल तर स्वतः येऊन बघ. तिच्याकडे मुलांच्या परीक्षा. ती येणार नाही हे मला माहीत होतं.

बाबा राहिले. माझ्याकडेच राहिले.

६ मार्च

पावडरीचा विचार केला. मी एका हाताने पोटॅशियम घालायचं आणि तिने दुसऱ्या बाजूने काढायचं, हा व्यवहार पटत नाही. टाकीतही खत घालायच्या वेळी फिल्टरमधला कोळसा काढून ठेवतात, नाहीतर तो सगळं ओढून घेतो. पावडर एकच वेळ देणार. तीही बाबांनी आठवण करून दिली तर.

टाकी: पानं काही पिवळी. खत वाढवलं.

१० मार्च

बाबांचा उत्साह कमी. माशांना पुढे सरका म्हणत नाहीत. आज नुसते बसून होते. विचारलं तर म्हणाले, अंगात शिसं ओतल्यासारखं जड वाटतं. हात उचलायचा तर आधी ठरवावं लागतं.

उणीव अजून भरून निघालेली नाही हे उघड आहे. केळं सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या वेळी संत्र्याचा रस. टोमॅटोचं सूपही चालू केलं, तेच मीठ घालून. संध्याकाळी बाबा म्हणाले, "आज केळं राहू दे का? तोंडात फिरतं नुसतं." मी जरा आवाज चढवला. इतकं करतोय ते कोणासाठी? त्यांनी खाल्लं. अर्धं राहिलं होतं तेही खाल्लं.

डॉक्टरबाईंची परत तपासणीची तारीख पुढे ढकलली. आधी ताकद येऊ दे, मग रक्त काढू. अशक्त माणसाचं रक्त काढणं बरं नाही.

१४ मार्च

दुकानात रंग मिक्स करायचं मशिन बसवलं. भिंतीचा तुकडा त्याच्यापुढे धरला की ते स्वतः शेड सांगतं. मालक म्हणाले, तू आता ब्रश, रोलर आणि सँडपेपर बघ. गोड बोलून माणसाला कसं बाजूला काढावं ते त्यांच्याकडून शिकावं. मशिनला नजर असते का? उद्या ते बिघडलं की येतील धावत.

गंमत म्हणून मी किटच्या ट्यूबमधलं पाणी त्याच्यापुढे धरलं. मशिनने वाचलं नाही. बघा.

१६ मार्च

टाकीत वास येतोय. छोटे मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडतात. साहेब अजून कोपऱ्यात. मासेवाला घरी येऊन गेला. टाकीत हात घालून बघितलं आणि म्हणाला की एकदम शुद्ध पाणी आणि एकदम एवढं खत, मासे बावरणारच. नळाचंच पाणी थोडं थोडं परत घाला आणि खतं बंद करा.

जाताना बाबांकडे बघून म्हणाला, "काकांना बरं नाही का? चेहरा कसला झालाय." मी म्हटलं, उपचार चालू आहेत. तो म्हणाला, "डॉक्टरांना दाखवा हो." माशांचा धंदा करणाऱ्याने माणसांत लक्ष घालू नये, असं मनात आलं.

१८ मार्च

बाबा दिवसभर पडून. पाणी हवं का विचारलं तर मानेनं नाही म्हणतात. संध्याकाळी रस दिला. पाजला.

नाडी बघायचा प्रयत्न केला. फार सावकाश लागत होती. शांत झोप लागली असावी.

१९ मार्च, सकाळ

बाबा बाथरूमच्या दारात

हॉस्पिटलमधून लिहितोय. वही पिशवीत का आणली माहीत नाही. बाबा उठले आणि दारातच खाली बसले, पडले नाहीत, बसले, आणि मग उठवेना. ओठ पांढरे. रुग्णवाहिका आली. आत नेताना बाबा मला म्हणाले, दार लावलंस का. लावलं नव्हतं.

संध्याकाळ

पोटॅशियम सात पॉइंट चार. हृदयाचे ठोके तिशीवर आले होते. इंजेक्शनं, मग डायलिसिस. मशिनने रक्त बाहेर काढतात, धुतात, परत आत सोडतात. काचेतून बघितलं. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, आणखी तासभर उशीर झाला असता तर आणून उपयोग नव्हता.

मी विचारलं की पायात ताकद कधी येईल.

२० मार्च

बाबा शुद्धीवर. बोलतात.

धाकटी रात्रीच आली. आज डॉक्टरबाई आल्या आणि पलंगाशीच विचारायला लागल्या. पावडर घेत होता का? खाण्यात काय होतं? एवढं पोटॅशियम उगाच चढत नाही, कुठून तरी आलंय. धाकटी माझ्याकडे बघत होती.

बाबा म्हणाले, "केळी मी चोरून खात होतो. हा कामावर गेला की. पोराला काही माहीत नाही."

डॉक्टरबाई म्हणाल्या, अहो काका, तुम्हाला जिना उतरवत नाही, केळी आणली कोणी? बाबा म्हणाले, खालच्या फळवाल्याला वरून हाक मारायची, तो पिशवी वर पाठवतो. पावडरही मीच ओतून द्यायचो, चव आवडत नाही. हे सगळं त्यांनी डोळे मिटून सांगितलं, एकेक शब्द थांबून. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्यांना रागावल्या. लहान मुलाला रागवावं तशा. ते रागावून घेत होते.

मी काही बोललो नाही. आजारी माणसाला चारचौघांत खोटं कशाला पाडायचं?

शिवाय अगदीच अशक्य नाही. मी दिवसभर कामावर असतो. खाल्लीही असतील.

२१ मार्च

बाबांचे कपडे आणायला धाकटी घरी गेली होती. परत आली ती मिठाचं पाकीट घेऊन. व्हरांड्यात माझ्यापुढे धरलं आणि मागचा मजकूर मोठ्याने वाचला. त्यात एक ओळ होती, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वापरू नये. ती माझ्या वाचनातून सुटली होती. अक्षर खरोखरच बारीक आहे.

फ्रिजवरचा माझा तक्ताही काढून आणला होता, आणि त्याच्याखालचा कागद.

मी समजावून सांगायला लागलो. पान, भोकं, रक्तात आहे पण पोचत नाही. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू आला. तिने पूर्ण ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "दादा, ते माझ्यासमोरही खोटं बोलले. तुझ्यासाठी. आता तू फक्त एक कर. अडवू नकोस."

२५ मार्च

बाबांना धाकटीने नेलं. तात्पुरतं. प्रकृती सुधारेपर्यंत. हॉस्पिटल तिच्या घराला जवळ आहे, त्यामुळे सोयीचं हेच होतं, आणि मीही तेच सुचवणार होतो.

गाडीत बसताना बाबा म्हणाले, जेवत जा वेळेवर. घरी आलो. टाकीपुढे बसलो. छोटे मासे निम्मे गेले होते, ते काढले. साहेब आहे. बाकी कशाला हात लावला नाही. त्राण नव्हतं. पाणी आटलं होतं तेवढं नळाचं भरलं आणि झोपलो.

२ एप्रिल

रोलर, सँडपेपर. धाकटी फोन उचलते, बाबा झोपलेत म्हणते.

टाकी बघितली नाही.

९ एप्रिल

आज सकाळी ऊन हॉलमध्ये आलं तेव्हा बघितलं. पाणी काचेसारखं स्वच्छ. शेवाळ गळून गेलंय. सगळ्या झाडांना नवी पानं, एकालाही भोक नाही. साहेब मधोमध पोहतोय. एवढ्या दिवसांत मी काहीही केलेलं नाही. खत नाही, कॅन नाही, टेस्ट नाही.

मासेवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, मी तेच सांगत होतो.

मी मात्र याचा अर्थ असा लावतो की मी घातलेल्या खताचा परिणाम उशिरा दिसला. पोटॅशियमला वेळ लागतो.

संध्याकाळी धाकटीचा फोन. बाबांचा रिपोर्ट चार पॉइंट सहा. नॉर्मल. काठी घेऊन गच्चीपर्यंत जातात. मी म्हटलं, छान. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.

११ एप्रिल

उद्या रविवार. धाकटीकडे जाऊन बाबांना परत आणायचं ठरवलं. सगळी तयारी केली. नेहमीचं मीठ आणलं. तेही कमीच वापरणार. डॉक्टरबाईंचा कागद पुन्हा फ्रिजवर, वर काही नाही. पावडरीसाठी मोबाइलवर तीन गजर. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. टाकीचा फोटो काढला, त्यांना दाखवायला. आकडा नॉर्मल आहे, धाकटीची अट पूर्ण झाली. आता तिला नाही म्हणायला जागाच नाही. बोलायचं काय ते पाठ केलं. आवाज चढवायचा नाही, एवढं स्वतःला बजावलं.

१२ एप्रिल

बाबा खिडकीशी बसले होते. अंग धरलंय, दाढी केलेली. मला बघून हसले, मनापासून हसले. टाकीचा फोटो बघितला. साहेबाला बढती मिळालेली दिसते म्हणाले. खालच्या रस्त्यावर बसथांबा आहे, कोणती गाडी किती भरून जाते ते सांगत होते. मधल्या एका गाडीचा कंडक्टर कामचुकार आहे, दोनदा घंटा मारत नाही. मीही हसलो. सगळं पहिल्यासारखं वाटलं. आता विषय काढायचा, एवढंच उरलं होतं.

बोलता बोलता त्यांना ठसका लागला. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात, हात पिठात. टेबलावर तांब्या होता. मी उठून ग्लासात पाणी ओतलं आणि तो त्यांच्यापुढे धरला.

बाबांनी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. खोकत होते तरी घेतला नाही. माझ्या खांद्यावरून धाकटीकडे बघितलं. तिने मान हलवली. "पाणीच आहे, बाबा. घ्या."

मग घेतला.

प्यायल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं असावं. माझा हात धरून ठेवला बराच वेळ, आणि बसचं पुढे सांगायला लागले. मी पाठ केलेलं काही बोललो नाही. मला फार वाईट वाटलं. निघताना धाकटीने पुढच्या रविवारी जेवायलाच ये म्हणून सांगितलं. येतो म्हटलं.

तांब्या तिच्या घरचा होता, पाणीही तिच्याच घरचं. मी फक्त ओतलं होतं.